प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाही: ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी

साताऱ्यातल्या एका वकील-नोटरींच्या ऑफिसातून विचारणा आली आहे. थोडक्यात ती अशी: सहा कॉम्प्युटर आणि लॅन केबलने जोडलेलं एक मोठं मल्टिफंक्शन मशिन. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून सगळे कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेले. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो. सर्व्हिसचा मुलगा येतो, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला मशिनशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) काढून परत टाकतो, चालू होतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. स्कॅन फोल्डरमध्ये पडायचं ते पूर्णच थांबलंय. जुन्या मराठी मसुद्यांची प्रिंट मध्येच भलत्या अक्षरांत येते. तर ड्रायव्हर कुठला टाकावा, की मशिनच बदलावं?

मशिन इतक्यात बदलू नका. आणि ड्रायव्हरच्या मागेही लागू नका, कारण या सगळ्यात ड्रायव्हरचा दोष फार तर शेवटच्या तक्रारीत आहे. ड्रायव्हर परत टाकला की चालू होतं, हीच खरी खूण आहे. इन्स्टॉलर नव्याने चालवला की तो नेटवर्कवर मशिन नव्याने शोधतो आणि त्या घडीला मशिनचा जो पत्ता असेल तो टिपून ठेवतो. म्हणजे दुरुस्त झाला तो पत्ता, आणि श्रेय मिळालं ड्रायव्हरला. पुढे पत्ता बदलला की पुन्हा बोंब. अशा ऑफिसात प्रिंटरच्या यादीत एकाच मशिनची ‘कॉपी १’, ‘कॉपी २’, ‘कॉपी ३’ अशी पिलावळ हमखास दिसते. तुमच्याकडेही बघा, असणारच.

दुसरी गोष्ट आधीच मनात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. प्रिंट देताना कॉम्प्युटर मशिनला शोधत जातो. स्कॅन फोल्डरमध्ये पाठवताना मशिन कॉम्प्युटरला शोधत येतं. दोन्ही रस्ते उलट दिशेचे, दोन्हीकडचे अडथळे वेगळे. म्हणून प्रिंट व्यवस्थित आणि स्कॅन बंद, किंवा त्याच्या उलट, यात चमत्कारिक काही नाही. आणि एकाच्या दुरुस्तीने दुसरं सुधारेल अशी आशाही ठेवू नये.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, विंडोज होम आहे की प्रो तेही नाही, आणि राउटर तुमच्या ताब्यात आहे की इंटरनेटवाल्याच्या, तेही कळत नाही. त्यामुळे मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतील. क्रम मात्र कुठल्याही कंपनीच्या मशिनला हाच लागतो.

आधी ऑफलाइनचं बघू. मशिनच्या पॅनेलवर नेटवर्क सेटिंगमध्ये जा आणि आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशिनचा नंबर, वाचा. समजा १९२.१६८.१.३७ आहे. तो एका कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाइप करा. मशिनचं स्वतःचं पान उघडायला हवं. कॅननवर त्याला रिमोट यूआय म्हणतात, क्योसेरावर कमांड सेंटर, रिकोवर वेब इमेज मॉनिटर, नाव काहीही असो. पान उघडलं म्हणजे मशिन जिवंत, केबल ठीक, नेटवर्क ठीक. त्यानंतरही विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणत असेल तर घोळ त्या कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये आहे, म्हणजे मशिन कुठे शोधायचं याची विंडोजने जी नोंद ठेवलीय तिच्यात. पान उघडलंच नाही तर ड्रायव्हरला हात लावण्यात अर्थ नाही; केबल, स्विच, राउटर बघा. पाच मिनिटांची ही तपासणी न करता जो इन्स्टॉलर उघडतो त्याला माझ्याकडे काम मिळत नाही.

पत्ता बदलतो का? राउटर जोडलेल्या प्रत्येक वस्तूला पत्ता वाटतो, आणि तो वाटप केलेला पत्ता कायमचा नसतो. साधे राउटर ही यादी वीज गेली की विसरतात. आपल्याकडे दुपारी लाइट गेली आणि आली, की राउटर, मशिन, मोबाइल, सीसीटीव्ही सगळे एकदम उठतात आणि जो आधी मागेल त्याला आधी नंबर मिळतो. काल मशिनचा असलेला पत्ता आज कुणाच्या तरी मोबाइलला. तुमच्या तक्रारीच्या तारखा आणि लाइट गेल्याच्या तारखा एकदा ताडून बघा.

उपाय दोन. राउटरमध्ये मशिनच्या मॅक पत्त्यावर (कारखान्यातून आलेला, न बदलणारा ओळख क्रमांक) एक आयपी राखून ठेवायचा, किंवा मशिनमध्येच पत्ता हाताने कायम करायचा. पुस्तकी उत्तर पहिलं. मी मात्र छोट्या ऑफिसात दुसराच करतो, कारण इंटरनेटवाला माणूस न सांगता राउटर बदलून जातो आणि राखीव यादी त्या जुन्या राउटरबरोबर जाते. पत्ता निवडताना राउटर ज्या टप्प्यात वाटप करतो त्याच्या बाहेरचा घ्या. पत्त्याच्या शेवटच्या आकड्याचं वाटप १०० ते २०० असेल तर ५० द्या. सबनेट मास्क आणि गेटवे राउटरचेच. पत्ता कागदी पट्टीवर लिहून मशिनच्या अंगावर चिकटवा. एक धोका उरतोच: नवीन राउटरची मालिकाच वेगळी निघाली, म्हणजे १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.२९ वगैरे, तर कायम केलेला पत्ता परका होतो आणि एकाच वेळी सहाही कॉम्प्युटरची प्रिंट बंद पडते. तसं झालं तर कारण शोधत बसायची गरज नाही, ते हेच असतं.

आता कॉम्प्युटरकडची बाजू. विंडोज स्वतःहून प्रिंटर शोधून जोडतो तेव्हा बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट लावतो. घरच्या छोट्या प्रिंटरला तो चालून जातो. ऑफिसात तो झोपेतून उठलेलं मशिन ओळखत नाही आणि ‘ऑफलाइन’ची पाटी लावून मोकळा होतो. यादीतली सगळी पिलावळ काढून टाका. मग प्रिंटर जोडताना ‘मॅन्युअली’वर जाऊन आयपी पत्त्याने जोडायचा पर्याय घ्या, आणि डिव्हाइस टाइपमध्ये ‘ऑटोडिटेक्ट’ न ठेवता ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ निवडा. जोडून झाल्यावर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, तिथे कॉन्फिगर पोर्ट, आणि खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी टिकमार्क दिसेल. ती काढा. विंडोज त्या मार्गाने मशिनला अधूनमधून ‘आहेस का?’ विचारत असतो. मशिनमध्ये ती सेवा बंद असेल किंवा तिचा परवलीचा शब्द बदललेला असेल तर उत्तर येत नाही आणि मशिन समोर गरम उभं असताना पडद्यावर ते ऑफलाइन. सहाही कॉम्प्युटरवर हे करा. एका कॉम्प्युटरवर प्रिंटर लावून तिथून बाकीच्यांना शेअर करायची जुनी सवय असेल तर ती सोडा. लॅनवरच्या मशिनला मध्यस्थ कशाला? शिवाय सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ११बी या शेपटीची एरर सगळीकडे आली, आणि ती घालवायला लोकांनी रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधलं, सुरक्षेचं कुलूपच काढून ठेवलं. तुमच्याकडे कुणी तसं केलं असेल तर पूर्ववत करून घ्या.

एखादं काम रांगेत अडकून पुढचं काहीच सरकत नसेल तर तेही ऑफलाइनसारखंच वाटतं. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर आहे, त्याच्या आतल्या फाइली पुसा (फोल्डर पुसू नका), स्पूलर परत चालू करा. आणि सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ हे बंद करा, नाहीतर कुणी एकदा पीडीएफला प्रिंट दिली की पुढची सगळी कामं पीडीएफकडे धावतात.

वकिलांच्या ऑफिसात रांग अडकण्याचं एक खास कारण असतं, ते म्हणजे लीगल कागद. ड्रायव्हरमधला ‘लीगल’ हा अमेरिकन, २१६ बाय ३५६ मिलिमीटर. आपल्या बाजारात लीगल म्हणून जो रीम मिळतो तो साधारण २१५ बाय ३४५. मशिनच्या ट्रेला एक माप माहीत, ड्रायव्हर मागतो दुसरं, मशिन ‘कागद भरा’ म्हणून थांबतं, आणि मागे पाच जणांची कामं तुंबतात. बऱ्याच मशिनांत ‘इंडियन लीगल’ किंवा ‘इंडिया लीगल’ असा वेगळा पर्याय असतो. नसेल तर कस्टम माप करून त्याला नाव द्या. माप तिन्ही ठिकाणी एकच हवं: वर्डच्या पेज सेटअपमध्ये, ड्रायव्हरमध्ये, आणि मशिनच्या ट्रे सेटिंगमध्ये. वर्डमध्ये कागद गुपचूप ‘लेटर’ झालेला असतो, तोही बघा. दुसरा ट्रे ड्रायव्हरमध्ये दिसतच नसेल तर डिव्हाइस सेटिंग्जमध्ये जाऊन तो ‘बसवलेला आहे’ असं सांगावं लागतं.

आता स्कॅन. यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

मशिन स्कॅन फोल्डरमध्ये टाकतं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेतून, म्हणजे एसएमबीतून. या भाषेची पहिली आवृत्ती फार जुनी आणि भोकं पडलेली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले ते त्याच आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटापासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती यायची बंद झाली. पण जुन्यावर अपडेट होत आलेल्या कॉम्प्युटरवर ती अनेकदा कुणीतरी मुद्दाम चालू ठेवलेली असते, केवळ स्कॅनसाठी. तुम्ही विंडोज ११ कोरं टाकलं असेल तर ती गेली, आणि तिच्याबरोबर स्कॅनही. त्यातून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो असेल तर, प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही असलीच पाहिजे असा नियम मुळातच लागू आहे. जुन्या मशिनला ती सही करता येत नाही.

म्हणून मशिनच्या पानावर एसएमबीच्या सेटिंगमध्ये दुसरी किंवा तिसरी आवृत्ती चालू करता येते का ते बघा. पर्यायच दिसत नसेल तर मशिनचं फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असेल तर हे कंपनीच्या इंजिनियरचं काम आहे, ठामपणे मागा. पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, पॅन, खरेदीखतं पडलेली आहेत.

आवृत्तीचं जुळलं तरी दाराशी ओळख पटवावी लागते. मशिन जी एरर देतं तिच्याकडे नीट बघा. ‘कनेक्शन’ जमलं नाही म्हणत असेल तर पत्ता, फायरवॉल किंवा आवृत्ती. ‘ऑथेंटिकेशन’ किंवा ‘लॉगिन’ म्हणत असेल तर नाव-पासवर्ड. या दोनांत गल्लत झाली की माणूस अर्धा दिवस चुकीच्या जागी खोदत बसतो.

विंडोज ११ टाकताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं जातं आणि रोज आपण चार आकडी पिन टाकून आत जातो. मशिनला तो पिन चालत नाही, आणि खऱ्या खात्याचा पासवर्ड मशिनमध्ये भरून ठेवणंही बरं नाही. माझी पद्धत अशी की ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन पडायचं तिथे फक्त स्कॅनसाठी एक वेगळं लोकल खातं काढायचं, साधे अधिकार, मजबूत पासवर्ड. प्रो असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधून काढता येतं. तिथे ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला’ ही टिकमार्क आधीच लागलेली असते, ती काढा आणि ‘पासवर्ड कधीच संपू नये’ ही लावा. नाहीतर विंडोजच्या मूळ नियमाने ४२ दिवसांनी पासवर्ड संपतो आणि कुणी काही केलेलं नसताना स्कॅन बंद पडतं. होममध्ये सेटिंग्जमधल्या ‘अदर युझर्स’मधून, मायक्रोसॉफ्ट खात्याविना, असं खातं काढता येतं.

फोल्डर डेस्कटॉपवर नको, सी किंवा डी ड्राइव्हच्या तोंडाशी करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. शेअर करताना परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, आणि स्कॅनच्या खात्याला दोन्हीकडे लिहायचा अधिकार हवा. एकीकडे दिला आणि दुसरीकडे राहिला, असं फार वेळा दिसतं. मग नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते बघा. नवीन विंडोज ते ‘पब्लिक’ ठेवतो आणि फायरवॉल बाहेरच्याला दारातूनच परत पाठवतो. ‘प्रायव्हेट’ करा. वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तीही तपासा.

मशिनच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये आता त्या कॉम्प्युटरचा पत्ता, शेअरचं नाव, खात्याचं नाव भरा. नाव नुसतं भरून लॉगिन नाकारलं तर कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचं नाव असं भरून बघा. आणि रस्ता उलट दिशेचा आहे म्हटलं ते इथे लागू होतं: मशिनचा पत्ता कायम केलात तसा ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन पडायचं त्याचाही कायम करा, आणि तो झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग ठेवा. मशिनचं घड्याळही बघा. तारीख २००० सालावर गेलेली असेल तर ओळख पटण्यात अडचण येते आणि एरर पासवर्डचीच दिसते.

इतकं करूनही मशिन जुनंच निघालं, दुसरी आवृत्ती येतच नसेल, तर रस्ता फिरवा. कॉम्प्युटरवर मशिनचा ट्वेन (कॉम्प्युटरवरून स्कॅन मागवायची पद्धत) स्कॅन ड्रायव्हर टाका आणि स्कॅन कॉम्प्युटरवरूनच मागवा. आता कॉम्प्युटर मशिनकडे जातो. फोल्डर, खातं, शेअरिंग, सगळी कटकट संपते. कागद ठेवायला मशिनपाशी आणि बटण दाबायला जागेवर अशी एक फेरी वाढते, इतकंच. ईमेलवर स्कॅन हाही मार्ग आहे, पण जीमेलने मे २०२२ च्या अखेरीस साध्या पासवर्डने बाहेरच्या उपकरणांना येऊ देणं बंद केलं. जीमेल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड (एका उपकरणापुरता वेगळा पासवर्ड) काढा आणि तो मशिनमध्ये भरा, पोर्ट ५८७. पन्नास पानांचा रंगीत दस्त २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही, तेव्हा काळा-पांढरा, ३०० डीपीआय.

राहिली मराठी अक्षरं. आधी हे बघा की अक्षरं पडद्यावर बिघडलेली आहेत की फक्त कागदावर. पडद्यावरच बिघडली असतील तर जुना, युनिकोड (अक्षरांचं आजचं जागतिक मानक) नसलेला फॉन्ट नव्या विंडोजमध्ये टाकायचा राहिलाय. टाकताना ‘सर्व युझरसाठी’ हा पर्याय घ्या, नाहीतर तो एकाच खात्यापुरता बसतो. पडद्यावर ठीक आणि कागदावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा, तर ड्रायव्हर तुमच्या फॉन्टऐवजी मशिनमधला फॉन्ट वापरतोय. ड्रायव्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्ट ‘ग्राफिक्स’ किंवा ‘बिटमॅप’ म्हणून पाठवायचा पर्याय असतो, तो लावा. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ लावून बघा. प्रिंट थोडी हळू निघेल, पण दस्तात ‘क्षेत्र’ क्षेत्रच राहील.

म्हणजे तुमचा पहिला प्रश्न, ड्रायव्हर कुठला? कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा, पीसीएल६ या प्रकारचा (पान कसं छापायचं ते मशिनला सांगायची एक भाषा). युनिव्हर्सल ड्रायव्हर वेगवेगळी मशिनं असलेल्या मोठ्या ऑफिसला सोयीचा. तुमच्या एका मशिनला इंडियन लीगल, ट्रे, स्टेपल असे बारकावे मॉडेलच्याच ड्रायव्हरमध्ये नीट मिळतात. मराठीचा त्रास राहिलाच तर पोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचा ड्रायव्हर टाकून बघा, मशिनमध्ये ती सोय असेल तर. जुना काढताना नुसतं ‘रिमूव्ह’ करून भागत नाही. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर्स टॅबमधून ड्रायव्हर पॅकेजसकट काढा. विंडोजच्या भरवशावर राहू नका: मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय की कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होणार. कंपनीचा इन्स्टॉलर हाताने टाकणं चालूच राहणार आहे, तेव्हा तो डाउनलोड करून एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा. आणि सेटिंग्जमध्ये ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ दिसला तर सध्या हात लावू नका. तो चालू केला की कंपनीचे ड्रायव्हर निघून जातात.

एक शक्यता मी सोडली होती. प्रिंट दिली, कॉम्प्युटरवर काही एरर नाही, मशिनचा दिवा लुकलुकला आणि कागद आलाच नाही, असं होत असेल तर मशिनवर डिपार्टमेंट आयडी किंवा युझर कोड, म्हणजे छापण्याआधी मशिन मागतं तो ओळखीचा आकडा, लावलेला आहे आणि ड्रायव्हर तो पाठवत नाहीये. मशिनच्या जॉब लॉगमध्ये ते काम ‘रद्द’ म्हणून दिसेल.

मशिन बदलायचा विचार एकाच परिस्थितीत करा: फर्मवेअर नवीन मिळत नाही आणि स्कॅन फोल्डरमध्येच हवं, ट्वेन जमणार नाही, असं असेल तेव्हा. त्या वेळी डीलरला पानं प्रति मिनिट विचारण्याआधी एसएमबी तिसरी आवृत्ती आहे का आणि इंडियन लीगल ट्रेमध्ये बसतो का, हे विचारा.

पोर्ट आणि पत्ता आधी करा, दोन आठवडे चालवून बघा, मग स्कॅनला हात लावा. तरी अडलं तर मॉडेल, फर्मवेअरचा आकडा, विंडोज होम की प्रो, आणि मशिनच्या पडद्यावर आलेली एरर शब्दशः, एवढं कळवा. फोटो काढून पाठवलात तर उत्तम.